वायरमनची पितळी बॅटरी पुन्हा पेटती करताना

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन २००५ साली झाले. त्याआधी लाइनवर नोकरी केलेल्या अनेकांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत दोन किंवा तीन सेलची एखादी पितळी बॅटरी अजून पडलेली असते. ती पेटत नाही, एवढ्याच कारणाने घरचे लोक ती मोडीत द्यायला निघतात. अशा बॅटऱ्या उघडून पाहताना मला बहुतेक वेळा बल्ब शाबूत आढळला आहे. बिघाड असतो तो धातू धातूला टेकतो त्या जागांमध्ये. म्हणून या कामात हत्यारांपेक्षा धीर जास्त लागतो.

प्रथम वीज कोणत्या वाटेने फिरते ते नीट समजून घ्यावे. मागच्या सेलच्या जस्ताच्या बुडाला स्प्रिंग टेकते, स्प्रिंग झाकणाला, झाकण आपल्या आट्यांतून नळीला, नळी सरकत्या बटणाच्या पट्टीला आणि ती पट्टी बल्बच्या कड्याला. बल्बच्या बुडाचा ठिपका पुढच्या सेलच्या टोपीवर बसला की फेरा पूर्ण होतो. म्हणजे झाकणाचे आटे हा केवळ झाकण बसवण्याचा नव्हे, तर विजेच्या वाटेचाही भाग आहे, आणि नेमका तोच साफ करायचा राहून जातो. पावसाळ्यात बॅटरी मिणमिणू लागली की आम्ही वायरमन झाकण अर्धा वेढा सैल करून पुन्हा आवळत असू. त्याने उजेड का वाढे, याचे उत्तर याच आट्यांत आहे: घासल्यामुळे गंजाचा पातळ थर तेवढ्यापुरता फाटतो.

झाकण हलत नसेल तर पकडीने पिळू नये, कारण पितळी पत्रा लगेच चेपतो. सांध्यावर रॉकेल आणि मशिनच्या तेलाचे चार थेंब सोडून बॅटरी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हाताने फिरवावी. आत सेल फुगून अडकले असतील, तर तोंडाचे कडे, काच आणि रिफ्लेक्टर काढून घ्यावेत व पुढच्या बाजूने लाकडी दांडा घालून सेल हळूहळू मागे ठोकावेत. या वेळी नळीच्या आत बटणाची पट्टी थोडी वर आलेली असते. तिला धक्का लागू देऊ नये. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावे.

आत साचलेला मळ धुण्यापूर्वी सेल कोणत्या जातीचे होते ते पाहावे. जुन्या जस्त-कार्बन सेलमधून झिरपणारा द्रव आम्लधर्मी असतो. त्यात जस्ताचे भांडे हाच ऋण ध्रुव असतो आणि वापराबरोबर तेच झिजत जाते, त्यामुळे जुना सेल गळणे हे जवळजवळ ठरलेलेच. असा मळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. अल्कलाइन सेल गळले असतील तर मळ अल्कधर्मी असतो. तिथे सोडा निरुपयोगी ठरतो, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवलेला बोळा फिरवावा लागतो. दोन्ही बाबतींत नंतर साध्या पाण्याने धुऊन बॅटरी पूर्ण कोरडी करावी. नळीत पुठ्ठ्याचे अस्तर असेल तर ते भिजून वाया जाते. त्याऐवजी जुन्या एक्स-रे फिल्मची गुंडाळी चांगली बसते.

आता खरे काम. स्प्रिंगची दोन्ही टोके, झाकणाचे आटे, नळीचे आटे, बल्बचे कडे आणि बल्बच्या बुडाचा ठिपका या सर्व जागा बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासाव्यात. आट्यांसाठी जुना दात घासण्याचा ब्रश पुरतो. एवढी बारकाई कशासाठी, याचा हिशेब सोपा आहे. अर्धा अँपिअर घेणाऱ्या बल्बच्या वाटेत सगळ्या सांध्यांचा मिळून ०.६ ओहम रोध आला, तर ०.३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. दोन सेलच्या ३ व्होल्टमधले हे १० टक्के झाले, आणि तारेच्या बल्बचा उजेड तेवढ्याने सुमारे ३० टक्के घटतो. मल्टिमीटर असेल तर बॅटरी चालू ठेवून प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना काड्या टेकवाव्यात. जिथे ०.१ व्होल्टहून जास्त दिसेल, तो सांधा पुन्हा घासावा.

बटणाची पट्टी ढिली झाली असेल तर ती नखाने किंचित उचलावी. वारंवार वाकवल्यास ती तुटते आणि तिच्या मापाची पट्टी बाजारात मिळत नाही.

रिफ्लेक्टरच्या वाटेला मात्र शक्यतो जाऊच नये. त्यावरचा चकचकीत थर अतिशय पातळ असतो, पितळ घासायची पूड किंवा चिंच लावताच तो निघून जातो आणि मग उजेड कायमचा पिवळट होतो. धूळ फुंकून काढावी, फार झाले तर ओल्या कापसाने अलगद टिपावे. बल्ब बदलायचाच असेल तर आधी तो आट्यांचा आहे की कॉलरचा (आट्यांशिवाय, नुसत्या कड्यावर बसणारा) ते पाहावे आणि सेलच्या संख्येप्रमाणे निवडावा: दोन सेलला साधारण २.४ व्होल्टचा, तीन सेलला ३.६ व्होल्टचा. नवा आणण्यापूर्वी मागच्या झाकणातली स्प्रिंग काढून पाहावी, कारण बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये तिच्या खाली जादा बल्बसाठी खोबण असे. आमच्यापैकी शहाणे लोक तो कापसात गुंडाळून ठेवीत.

बाहेरच्या नळीला पॉलिश करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खांबावर चढताना कमरपट्ट्याला घासून झिजलेली कड, किटकॅट (चिनी मातीचा काढता-घालता येणारा फ्यूज) बसवताना बॅटरी दातांत धरल्याच्या खुणा, तीन सेलचा झोत वरच्या इन्सुलेटरवर धरून खाली उभ्या राहणाऱ्या हेल्परच्या हाताने गुळगुळीत झालेली बटणाची जागा, हे सगळे पंधरा मिनिटांच्या घासण्यात नाहीसे होते. कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवला तरी पुरे. नळीवर ट्यूब चढवलेली असेल तर तीही राहू द्यावी. पकड आणि थोडेफार संरक्षण अशा दोन्हींसाठी ती चढवत असत. पण पितळ हे वाहकच आहे, म्हणून दुरुस्त केलेली ही बॅटरी चालू लाइनजवळ किंवा घरच्या फ्यूजबोर्डजवळ कोणीही वापरू नये. तिथे प्लॅस्टिकची बॅटरी किंवा कपाळावरचा दिवाच घ्यावा.

सेल घालताना जुने आणि नवे एकत्र करू नयेत. उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची जुनी पद्धत पूर्ण खोटी नव्हती, उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते. पण त्याने गेलेली शक्ती परत येत नाही आणि गळण्याची शक्यता वाढते. एलईडीचा बल्ब घालायचा असल्यास तो त्याच बैठकीचा घ्यावा. तारेच्या बल्बला सेलची दिशा कोणतीही चालते, एलईडीला बहुधा चालत नाही, म्हणून टोप्या पुढच्या दिशेला आहेत याची खात्री करावी. महिनाभर वापर होणार नसेल तर सेल काढून बॅटरीजवळच वेगळ्या डबीत ठेवावेत.