के-पॉपचं वेड चारचौघांत कसं मिरवावं

के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या वेडाची लाज एका दिवसात जात नाही, ती हळूहळू सैल करावी लागते. सुरुवात फोटोकार्डापासून, म्हणजे आवडत्या गायकाचा फोटो छापलेल्या छोट्या कार्डापासून करा. कार्ड साधारण 55 × 85 मिमीचं, म्हणजे एटीएम कार्डाएवढं. आधी मऊ पारदर्शक पाकीट, त्यावर कडक कव्हर. पाकीट पीव्हीसीचं नको, पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसी कालांतरानं चकचकीत बाजूला चिकटतं आणि सोडवताना नेमका चेहराच सोलला जातो. पहिले पंधरा दिवस कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये आतल्या बाजूला असू द्या, मग पारदर्शक कव्हरमधून दिसू द्या. थेट बॅगेला लटकवलंत तर लोकलच्या गर्दीत तुम्हीच ते उलटं फिरवून ठेवाल. शिवाय उन्हानं रंग उडतो तो वेगळाच.

मग घरात प्रश्न येणार: "ही पोरं लाली-पावडर का लावतात गं?" इथे बहुतेक जण वीस मिनिटांचं व्याख्यान झोडतात आणि ऐकणारा उठून जातो. उत्तर एका दमात संपवा: "स्टेजवर उभं राहायचं तर रंगभूषा लागतेच ना, आजी." आजीला बालगंधर्व ठाऊक असतील तर पुढची वकिली तीच करते.

फॅनचँटला, म्हणजे गाण्यासोबत चाहत्यांनी एकसुरात द्यायच्या घोषणेला, मात्र खरी मेहनत आहे. बीटीएस या सात गायकांच्या कोरियन गटाचा नेहमीचा चँट म्हणजे सातही जणांची पूर्ण नावं: आधी लीडर किम नामजून, मग वयाच्या क्रमानं किम सोकजिनपासून जॉन जंगकुकपर्यंत, शेवटी 'बीटीएस'. ही नावं बहुधा गाणं सुरू होण्याआधीच्या संगीतावर बसतात. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरात सराव करा, कुणाला ऐकू जात नाही. सुरुवातीलाच वरची पट्टी धरली की जिमिनच्या नावापर्यंत दम संपतो. गायन सुरू झाल्यावरही ओरडत राहिलात तर शेजारचे फॅनच वळून बघतील. ती लाज रास्त.

कॉन्सर्टचा चित्रपट बघायला गेलात तर लाइटस्टिक, म्हणजे चाहत्यांची हातात धरायची दिव्याची कांडी, थिएटरात छातीच्या उंचीवरच धरा, मागच्याला पडदा दिसला पाहिजे. आणि दारावर पिशवी तपासताना तिला 'आर्मी बॉम्ब' (बीटीएसच्या लाइटस्टिकचं नाव) म्हणू नका, 'लाइटस्टिक' म्हणा. घरी आल्यावर सेल काढून ठेवा. पावसाळ्यात आतच राहिले आणि पाझरले, तर पुढच्या वेळी ती पेटणारच नाही.