फोर्स फीडबॅक व्हील आणलंय ना, मग आधी त्याचा जोर कमी करा

रेसिंग गेम खेळायचं नवीन व्हील, म्हणजे आतल्या मोटरने हाताला जोर देणारं (हाच फोर्स फीडबॅक) स्टिअरिंग, घरी आलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर सेटिंगमध्ये जाऊन फोर्स फीडबॅक १०० वर नेतात, एवढे पैसे घातलेत तर पूर्ण ताकद मिळायला नको का, आणि मग चार दिवसांनी म्हणतात की व्हील नुसतं हाताशी भांडतं, यापेक्षा कंट्रोलरवर बरा टाइम यायचा. आता बघा, आतली मोटर तुमच्या दंडाची परीक्षा घ्यायला बसवलेली नाहीये. पुढच्या दोन टायरचं काय चाललंय ते तुमच्या हातापर्यंत पोचवणं एवढंच तिचं काम. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं सेटिंग वर न्यायचं आणि कुठलं शून्यावर टाकायचं हे कोणाला विचारायची फार गरज पडत नाही.

इथे मी उदाहरण म्हणून लॉजिटेक जी२९, पीसी आणि असेटो कोर्सा धरतोय. जी२९ पुष्कळ लोकांकडे आहे, सेकंडहँडमध्येही सहज दिसतं, आणि असेटो कोर्सा जुना गेम असला (२०१४ चा, इटलीच्या कुनोसने बनवलेला) तरी साध्या पीसीवर चालतो आणि त्याचा फीडबॅक अजूनही भल्याभल्या नव्या गेमपेक्षा प्रामाणिक आहे. तुमच्याकडे थ्रस्टमास्टर, मोझा, फनाटेक कुठल्याही कंपनीचं व्हील असू दे, नावं बदलतील पण तत्त्व तेच. फक्त विकत घेण्याआधी एक बघून घ्या, जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही, आणि जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीवर चालतं, प्लेस्टेशनवर नाही. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच असल्याने लोक हमखास फसतात.

आता बसवायचं. टेबल हलणारं असेल तर पुढचं सगळं वाया, कारण मोटरने दिलेला झटका टेबलच खाऊन टाकतं आणि तुमच्या हाताला नुसती थरथर येते. पातळ प्लायचं किंवा घडीचं स्टडी टेबल असेल तर ते भिंतीला टेकवा, क्लॅम्प घट्ट करा, पण स्क्रू पिळून पिळून प्लास्टिक मोडू नका, आणि टेबलची कड पातळ असेल तर मध्ये लाकडाची पट्टी घाला. पेडलचा त्रास वेगळाच. आपल्याकडे घराघरात गुळगुळीत फरशी, त्यावर ब्रेक जोरात दाबला की पेडल पुढे आणि चाकाची खुर्ची मागे. जी२९ च्या पेडलखाली कार्पेटमध्ये रुतायला दात असतात, पण फरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. पेडल भिंतीला किंवा टेबलच्या आडव्या पट्टीला टेकवून ठेवा, खुर्ची चाकाची असेल तर सरळ बिनचाकाची घ्या, आणि तेही नसेल तर खुर्ची आणि पेडल एका पट्ट्याने एकमेकांना बांधा. हसायला येईल पण काम होतं. बसताना पाठ टेकलेली पाहिजे आणि हात सरळ पुढे केला की मनगट व्हीलच्या वरच्या कडेवर यायला पाहिजे, म्हणजे पकडल्यावर कोपर वाकलेलं राहतं. पकड घड्याळातल्या ९ आणि ३ ला. वळणात हात सरकवत बसायचं नाही, रेसच्या गाडीत बहुतेक वळणं तेवढ्यात निघतात.

पॉवर अडॅप्टर लावायला विसरू नका. नुसती यूएसबी लावून फोर्स येत नाही, मोटरला वेगळी वीज लागते. वर एक छोटं बटण आहे पीएस३ आणि पीएस४ असं लिहिलेलं, पीसीसाठी ते पीएस३ वर ठेवा. वीज मिळाली की व्हील आपोआप दोन्ही टोकांपर्यंत फिरून मध्यभागी येतं, त्यावेळी हात लावायचा नाही, धरून ठेवलंत तर त्याचा मध्य चुकतो आणि मग गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते. मध्येच लाइट गेली तर परत आल्यावर हेच सगळं होतं, तेव्हा व्हीलवर हेडफोन अडकवून ठेवायची सवय असेल तर सोडा.

लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये फारसं काही करायचं नाहीये. रेंज (व्हील टोकापासून टोकापर्यंत किती फिरतं ते) ९०० डिग्री, सेन्सिटिव्हिटी ५० आणि सेंटरिंग स्प्रिंग बंद. हे स्प्रिंग म्हणजे नुसतं एक खोटं बळ, गाडी उभी असो की घसरत असो, ते व्हील मध्याकडेच ओढणार, आणि त्याच्याखाली टायरचा खरा निरोप दबून जातो. मग गेममध्ये जाऊन व्हीलची रेंज तिथेही ९०० सांगा. असेटो कोर्सा त्यानंतर प्रत्येक गाडीचा लॉक, म्हणजे त्या गाडीचं स्टिअरिंग किती फिरतं ते, स्वतः जुळवून घेतो. तपासायचं कसं, तर कॉकपिट व्ह्यूमध्ये बसून व्हील पाव वळसा फिरवा, स्क्रीनवरचं स्टिअरिंगही बरोबर पाव वळसाच फिरलं पाहिजे. कमीजास्त फिरलं तर कुठेतरी आकडा चुकलाय, तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर महिनाभर चुकीचंच शिकाल. एफ१ ची गाडी घेतलीत तर तिचा लॉक खूप कमी असतो, ट्रक घेतलात तर व्हील गरागरा फिरवावं लागतं, दोन्हीसाठी जी हबमध्ये जाऊन रेंज बदलत बसायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, गेन, म्हणजे फोर्स फीडबॅकचा एकूण जोर. जी२९ ची मोटर साधारण २ न्यूटन-मीटरच्या (फिरवण्याच्या जोराचं माप) आसपास जोर देते. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील, म्हणजे थेट मोटरवरच बसवलेली, ५, ८, ११ अशी देतात. गेममधल्या गाडीच्या स्टिअरिंगवर मात्र वेगात वळताना यापेक्षा कितीतरी जास्त जोर येऊ शकतो, आणि तो सगळा त्या छोट्या मोटरमध्ये बसवायचा असतो. गेन फार वर नेलात तर मोटर तिच्या शेवटच्या टोकाला पोचते आणि तिथेच चिकटते, मग टायरवर अजून वजन येऊ दे, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) चाक चढू दे, पकड सुटू दे, हाताला एकच सपाट ओढ. याला क्लिपिंग म्हणतात. मिरवणुकीतला स्पीकर फुल केला की आवाज फाटतो आणि गाण्याचे शब्दच कळत नाहीत, तसंच हे. जोर भरपूर, माहिती शून्य.

असेटो कोर्सात हे बघायची सोय आहे. गाडी चालवताना उजव्या कडेला माउस नेऊन पेडल्स नावाचं ॲप उघडा, त्यात ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लचच्या बाजूला फोर्स फीडबॅकची एक पट्टी असते, ती राखाडी असते आणि क्लिपिंग झालं की लाल होते. ट्रॅकच्या सगळ्यात वेगाच्या लांब वळणात तिच्याकडे लक्ष ठेवा. कर्बवर क्षणभर लाल झाली तर चालतंय, पण वळणभर लालच राहिली तर गेन कमी करा. यासाठी मेनूत जायलाही नको, नमपॅडवरचं प्लस आणि मायनस दाबलं की त्या गाडीपुरता जोर बदलतो आणि गेम ते लक्षात ठेवतो. प्रत्येक गाडीला वेगळा आकडा लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ५०० किलोच्या गाडीचं आणि दीड टनाच्या गाडीचं स्टिअरिंग सारखं कसं असेल.

गेन कमी केलं की जी२९ सारख्या गिअरवाल्या व्हीलमध्ये दुसरी एक अडचण पुढे येते. आत दातेरी गिअर असल्याने अगदी हलका फोर्स त्या घर्षणातच मुरतो, मध्याजवळ व्हील मेल्यासारखं वाटतं. त्यासाठी मिनिमम फोर्स नावाचं सेटिंग आहे. शून्यापासून थोडं थोडं वाढवत जा, मध्याजवळचा मेलेपणा गेला की थांबा. सरळ रस्त्यावर हात सैल सोडल्यावर व्हील स्वतःच डावी-उजवीकडे डुलायला लागलं तर जास्त झालं, एक पायरी मागे या. बेल्टवाल्या व्हीलला हे कमी लागतं आणि डायरेक्ट ड्राइव्हला जवळपास लागतच नाही.

बाकीचे इफेक्ट, कर्ब, रोड, स्लिप वगैरे, हे गेमने वरून शिंपडलेले मसाले आहेत. मी तर सगळे शून्याच्या जवळ ठेवतो, थोडा कर्ब ठेवला तर मजा येते एवढंच. अंडरस्टिअर (व्हील वळवूनही गाडी सरळच जाणं) वाढवून दाखवणारा पर्याय नवख्याला आवडतो पण तो खोटं बोलतो, बंद. आणि गाडी सुरू केल्या केल्या व्हील एका बाजूला पळत सुटलं, मध्याकडे यायच्या ऐवजी टोकाकडे जायला लागलं तर फोर्स उलटा येतोय, सेटिंगमध्ये इन्व्हर्टचा पर्याय शोधा, व्हील खराब झालंय असं समजून परत पाठवू नका.

एवढं झालं की चालवायला घ्या, आणि हो, लगेच फेरारी नको. असेटो कोर्सामध्ये अबार्थ ५०० आहे, पुढची चाकं ओढणारी छोटी गाडी, ती घ्या आणि माजोने ट्रॅकवर जा, अडीच किलोमीटरचा छोटा ट्रॅक आहे, तेच वळण सारखं सारखं येतं. एका वळणात मुद्दाम जास्त वेगाने शिरा आणि व्हील हळूहळू वळवत राहा. आधी व्हील जड होत जाईल, मग एका जागी अचानक हलकं पडेल, तुम्ही अजून वळवताय पण गाडी सरळच चाललीये. हाच तो निरोप. चाक वळलं की टायर स्वतःला परत सरळ करायला बघतो, त्यामुळे स्टिअरिंगला वजन येतं, आणि पकड संपायला आली की हे सरळ करणारं बळ पकडीच्या जरा आधीच ढासळतं, म्हणून हाताला डोळ्यांच्या आधी कळतं. आता जे करावंसं वाटतं, म्हणजे अजून वळवणं, ते करायचं नाही. पाय थोडा उचला, व्हील चिमूटभर परत सरळ करा, वजन हातात परत येईल आणि गाडी वळेल. हे दहा-वीस वेळा मुद्दाम करा, लॅप टाइमकडे बघूच नका.

मग बीएमडब्ल्यूची जुनी एम३ ई३० घ्या, मागची चाकं ढकलणारी. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा जास्त द्या, मागचा भाग सुटेल, आणि त्या क्षणी व्हील आपोआप घसरणीच्या दिशेला फिरायला लागेल. नवीन माणूस इथे घाबरून व्हील आवळून धरतो आणि गाडी गोल फिरते. आवळू नका. पकड सैल करा, व्हीलला हातातून जाऊ द्या, पुढची चाकं जिकडे जायला बघतायत तिकडे तुम्ही फक्त सोबत जायचं आणि जरासं ब्रेकसारखं रोखायचं. गाडी सावरायला लागली की तितक्याच चपळाईने परत सरळ करायचं, इथे उशीर झाला की दुसऱ्या बाजूला फटका बसतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. गच्च मुठीत यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून बोटं सैल. अंगठे व्हीलच्या आरीत अडकवून ठेवायचे नाहीत, जी२९ वर फार लागणार नाही पण उद्या ८ न्यूटन-मीटरचं व्हील आणलंत आणि गेममध्ये गाडी भिंतीला ठोकलीत तर अंगठा मुरगळू शकतो.

ब्रेकला फोर्स फीडबॅक नसतो, तिथे पायच शिकवावा लागतो. जी२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा तुकडा आहे, त्यामुळे शेवटचा भाग बराच कडक लागतो, आणि ते पेडल किती दाबलं हे मोजतं, किती जोराने दाबलं हे नाही. गेममधलं एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी सोय) बंद करा, मोन्झा ट्रॅकला जा, सरळ रस्ता संपून पहिलं वळण येतं तिथे सुरुवातीला जोरात दाबून मग वेग कमी होईल तसा पाय हळूहळू वर घ्यायचा सराव करा. चाक लॉक झालं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं, की स्टिअरिंग इथेही हलकं पडतं, म्हणजे ब्रेकचाही अंदाज हातातूनच येतो.

अजून एक, स्क्रीन. व्ह्यू फार रुंद ठेवला तर वेग जास्त भासतो आणि वळण लांब वाटतं, हात काहीही सांगो, डोळे फसवतात. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर गणिताने उभा फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाचा कोन) जेमतेम २८ डिग्री येतो. सुरुवातीला घोड्याची झापडं लावल्यासारखं वाटेल, तेव्हा थोडा वाढवा, पण मॉनिटर व्हीलच्या मागे जितका जवळ आणता येईल तितका आणाच.

ज्यांना रेसमध्ये रस नाही त्यांनी युरो ट्रक सिम्युलेटर २ लावावा, ९०० डिग्रीचा खरा आनंद तिथे आहे. फोर्झा होरायझन कंट्रोलरवरच जास्त मजेशीर वाटतो, असं माझं मत.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरीच वीज लावून व्हील स्वतः टोकापासून टोकापर्यंत फिरू द्या, कुठे अडकतंय किंवा दाते घासल्याचा आवाज येतोय का ऐका. मग प्रत्येक पेडल हळूहळू दाबून स्क्रीनवरचा आकडा बघा. आतमध्ये पेडल किती दाबलं ते मोजणारे पोटेन्शिओमीटर असतात, त्यांच्यात धूळ शिरली की आकडा उड्या मारतो, पाय स्थिर असताना ब्रेक मध्येच लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुष्कळदा सुटतं, पण त्या नावाने भाव कमी करून घ्या.

आणि पुढे पैसे जमले की आधी मोठं व्हील घ्यायच्या मागे लागू नका. आधी लोड सेलचा ब्रेक, जो पायाचा जोर मोजतो. लॅपचा वेळ त्याच्यातच जास्त वाचतो. डायरेक्ट ड्राइव्ह त्यानंतर, आणि तेही टेबल बदलायची तयारी असेल तरच, कारण स्टडी टेबलवर ते टेबलालाच चालवायला लागतं.