स्मरणिकेच्या फायली: काम सुरू करण्याआधीची तयारी

इंदूरमधल्या ज्या मराठी मंडळाला गणेशोत्सवाची स्मरणिका काढायची आहे, त्याने लेख मागवण्याआधीच मूळ फायली कोणत्या एका संगणकावर राहतील आणि त्यांची जबाबदारी कोणाकडे असेल, हे ठरवून घ्यावे. लेख देवासहून, उज्जैनहून आणि पुण्यात स्थायिक झालेल्या मुलांकडून येतात, तर राजवाड्याच्या आसपासच्या दुकानदारांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. मूळ प्रत कोणती हे ठरलेले नसेल, तर तपासलेला लेख बाजूला राहून कच्चाच छापखान्यात जातो. फाइलच्या नावात आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे लेखकाचे आडनाव घालावे, म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात. नुसते ‘फायनल’ असे नाव कोणत्याही फाइलला देऊ नये.

जुन्या स्मरणिकांतील लेख पुन्हा छापायचे असतील, तर सर्वांत जास्त वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन दिसतो, कारण फाइलमध्ये देवनागरीचे संकेत नसतातच. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर देवनागरी नीट दिसणाऱ्या संकेतपद्धतीत, आणावा आणि नंतर छापील प्रत शेजारी ठेवून वाचावा. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जातो, त्यामुळे रूपांतरात ‘किर्लोस्कर’, ‘वार्षिक’ अशा शब्दांत चूक राहण्याचा संभव अधिक असतो. हे काम कंटाळवाणे आहे; पण आजी-आजोबांच्या पिढीने लिहिलेला मजकूर शोधता येण्याजोगा व्हायचा असेल, तर ते करायलाच हवे.

जुनी छायाचित्रे ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावीत, म्हणजे ३०० डीपीआयच्या छपाईत ती दुप्पट मोठी करता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवण्याची विनंती आधीच सर्वांना करावी.

क्लाउडसाठी मंडळाचे स्वतंत्र खाते असावे. गूगल खात्याची १५ जीबी मोफत जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज यांत मिळून वापरली जाते. एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात ती घरच्या फोटोंनीच भरलेली असण्याची शक्यता असते. संगणकाशी जुळवलेला क्लाउडमधला फोल्डर म्हणजे राखीव प्रत, असे मात्र समजू नये: एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडूनही जाते आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. म्हणून दर आठवड्याला एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. छापखान्याला पेन ड्राइव्ह द्यायचा असेल, तर तो एक्सफॅट या फाइल-रचनेत फॉरमॅट करावा, कारण फॅट३२ या जुन्या रचनेमध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

लिंक देताना लेखकांना फक्त पाहण्याची आणि संपादकांना, त्यांच्या ईमेलवर, बदलण्याची परवानगी द्यावी. अंक छापून झाल्यावर सगळ्या लिंक बंद कराव्यात. खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन एकाच व्यक्तीकडे राहू नयेत म्हणून खाते परत मिळवण्यासाठी दुसऱ्या कार्यकर्त्याचा क्रमांकही जोडावा. स्मरणिका दरवर्षी निघत नसेल, तर मधल्या काळातही या खात्यात अधूनमधून प्रवेश करण्याचे काम कोणाकडे तरी सोपवावे, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील फायलींसह काढून टाकण्याची मुभा गूगलने स्वतःकडे ठेवली आहे.