ड्रायसूटमध्ये असताना सिलिंडरची हवा संपली किंवा पाय वर गेले तर: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतले बरेच डायव्हर मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानात कोर्स करतात. तिथल्या कोमट पाण्यात 3 मिलिमीटरच्या वेटसूटवर (आत पाणी येऊ देणारा रबरी सूट) भागतं. पुढे आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेतल्या डाइव्हचं बुकिंग होतं, पाणी 2 ते 4 अंश, आणि ड्रायसूट घालावा लागतो, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा, आत हवा भरायचा सूट. हवा संपल्यावर काय करायचं ते जुन्या कोर्समध्ये शिकलेलं असतं, सूट कसा सांभाळायचा ते नव्या. हवाही संपली आणि सूटही हाताबाहेर गेला, अशी दोन्ही संकटं एकदम आली तर काय, याचा सराव बहुतेकांनी केलेला नसतो.

हवा संपल्यावर बडीचा (जोडीदार डायव्हरचा) ऑक्टोपस, म्हणजे श्वासाची जादा नळी, तोंडात घेतला की सगळं लक्ष श्वासावर जातं आणि सूटमधली हवा विसरली जाते. 10 मीटरवर दाब 2 बार, पृष्ठभागावर 1. म्हणजे सूटमध्ये अडकलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. सिलिंडर रिकामा असला तरी तिला फरक पडत नाही. म्हणून वर निघण्याआधी दोघांनीही सूटमधली हवा सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. उजव्या हाताने एकमेकांचा पट्टा धरायचा, डाव्या हाताने बीसीडीची (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाची) नळी वर धरायची. व्हॉल्व्ह सहसा डाव्या दंडावर असतो. कोपर उचलल्यावर तो सर्वांत उंच येतो आणि हवा बाहेर पडते. वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नको.

सूटमध्ये हवा भरणारा इन्फ्लेटर उघडाच अडकला तर बहुतेकांचा हात आधी व्हॉल्व्हकडे जातो. हे चूक, कारण आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेला मागे टाकू शकते. आधी छातीवर इन्फ्लेटरला जोडलेली नळी ओढून काढा, मग हवा सोडा. जाड ग्लोव्ह घालून ही नळी काढता येते का, हे पूलमध्येच बघून घ्या. नळी निघाल्यावर आणखी खाली जाऊ नका, सूट अंगाला आवळतो. बीसीडीवर तरंगत डाइव्ह संपवा. गार पाण्यात इन्फ्लेटरचं बटण दाबून धरलं तर तो गोठण्याची शक्यता वाढते. थोडी थोडी हवा भरा, आणि श्वास घेत असताना भरू नका.

सूटमधली हवा पायांकडे जाऊन पाय वर गेले की फिन मारून खाली जायचा मोह होतो. गुडघे छातीशी घ्या, अंग गोळा करून उलटून डोकं वर आणा, मग हवा सोडा. उशीर होऊन वेगाने वर जाऊ लागला असाल तर हातपाय पसरून वेग कमी करा, श्वास सतत बाहेर सोडत राहा आणि बोटांनी सूटचा मनगटाचा किंवा गळ्याचा सील (घट्ट रबरी पट्टी) उघडा. गार पाणी आत येईल, येऊ द्या. खोलात असताना बुडायला घेतलेली वजनं मात्र टाकू नका.

वजनाबाबत नवख्यांचा हात सैल असतो. 3 किलो जादा घेतलं की त्याला तोलायला सूटमध्ये 3 लिटर जादा हवा लागते, आणि तीच पायांकडे पळते. सिलिंडरमध्ये 50 बार, व्हॉल्व्ह उघडलेला, बीसीडी रिकामी, अशा स्थितीत 5 मीटरवर स्थिर राहता आलं की वजन बरोबर.

आता हवेचा हिशेब. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला 40 लिटर हवा ओढतो असं धरा, म्हणजे दोघांची 80. 18 मीटरवर दाब 2.8 बार, एक मिनिट सावरायला 224 लिटर. वर यायला 2 मिनिटं, सरासरी 1.9 बारने 304. एकूण 528 लिटर, म्हणजे 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 44 बार. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबलात तर आणखी 360 लिटर, एकूण 74 बार. 50 बारवर परतायचं ठरवलंत तर दोघांना हा थांबा घेण्याइतकी हवा उरत नाही.

पृष्ठभागावर सूट फुगवून तरंगू नका, सूट गळ्याला आवळून गुदमरायला होतं. बीसीडी फुगवा. हवा नसेल तर तोंडाने.

सराव इथल्या पूलमध्ये होतो, तेव्हा आतले गरम कपडे पातळ ठेवा आणि सूट सगळ्यात शेवटी चढवा. मे महिन्यात पाण्याबाहेरच चक्कर येईल. आतल्या कपड्यांचे धागे एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये अडकले की तो बंद होत नाही आणि पाणी गळतं. दर डाइव्हआधी आतून बोट फिरवून बघा. घरी लेटेक्सचे सील गोड्या पाण्याने धुवून वाळवा, टॅल्कम लावा, आणि सूट गाडीच्या डिकीत ठेवू नका. इथल्या उकाड्यात रबर चिकट होतं.