घरचा संगणक अडला, तर फॉरमॅटच्या आधी काय तपासावे

घरचा डेस्कटॉप बिघडला की आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच निदाने ऐकू येतात: ‘मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) गेला’ किंवा ‘व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावे लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल. पहिल्यात पैसे जातात आणि दुसऱ्यात वर्षानुवर्षांचे फोटो व हिशेब, म्हणून यांपैकी कशालाही होकार देण्यापूर्वी अर्धा तास काढून स्वतः तपासणी करावी. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच संगणक चालू करून पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तरी दोष नेमका कशात होता हे कळत नाही.

पहिला उपाय रीस्टार्टचा. शटडाउन करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल, तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज असे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) अडकलेलाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. आवाज न येणे, प्रिंटर न दिसणे, वायफाय मध्येच सुटणे अशा कित्येक तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते, ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ असे दिसत असेल, तर मॉनिटरला वीज मिळत आहे, परंतु संगणकाकडून चित्र येत नाही असे समजावे. प्रथम केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी आणि संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचे चित्र तयार करणारा भाग) असल्यास ती त्याच कार्डाला जोडलेली आहे ना, हे पाहावे. केबल ठीक असेल, तर संशय रॅमवर, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणाऱ्या मेमरीच्या पट्टीवर घ्यावा, कारण दमट हवेत तिच्या संपर्कपट्ट्यांवर पुटे चढतात आणि ती स्लॉटमध्ये असूनही मदरबोर्डला दिसत नाही.

संगणकाचा प्लग भिंतीतून काढून पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. बाजूचे झाकण उघडल्यावर कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, जेणेकरून अंगावरची स्थिर वीज रॅमवर जाणार नाही. स्लॉटच्या टोकाची खिटी बाहेर ढकलून रॅम सरळ वर काढावी, कडेला धरावी आणि सोनेरी पट्ट्यांवरून साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे. रबराचा चुरा यंत्रापासून दूर, मऊ ब्रशने झटकावा. परत बसवताना रॅमची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून, खिटी ‘टक्’ करून आपोआप बसेपर्यंत दोन्ही टोके दाबावीत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांमध्ये जोरदार धक्का बसेल इतका भार शिल्लक असू शकतो.

आमच्या शेजारच्या काकूंकडे एकदा बँकेची किंवा मेलची कोणतीच साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना येई. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, तरी फरक पडला नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर ती कित्येक वर्षे मागे गेली होती. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि संगणकाचे घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर असेल, तर ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. तारीख दुरुस्त करूनही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल संपलेला असतो. प्लग काढून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा सेल बसवावा आणि बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरावी. आपल्याकडे रात्री भिंतीवरचे बटणही बंद करण्याची पद्धत आहे, ती योग्यच. मात्र वीज पूर्ण तुटली की घड्याळाचा सगळा भार या सेलवर पडतो आणि तो थोडा लवकर संपतो, एवढे ध्यानात असावे.

संगणक मंद झाला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. हाती विशेष काम नसतानाही डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि आत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅटने फारसे साधत नाही. सुरुवातीचे काही दिवस बरे वाटते, इतकेच. अशा वेळी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क बसवण्याइतका गुणकारी खर्च दुसरा नाही. मेमरीचा आकडा भरलेला दिसला, तर रॅम वाढवावी, आणि एखादाच प्रोग्रॅम प्रोसेसर खात असेल, तर तो बंद करावा किंवा काढून टाकावा.

डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टकटक’ असा आवाज येत असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवावे. अशा डिस्कवर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्रॅम चालवू नये, कारण संपूर्ण डिस्क वाचत बसणाऱ्या त्या तपासणीच्या ताणानेच ती कायमची बंद पडू शकते. ती अजून उघडत असेल, तर प्रथम कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत, चित्रपट-गाणी शेवटी. उघडतच नसेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, संगणक बंद करावा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती तशीच न्यावी.