कोड पाठ करू नका, बदल वाचायला शिका

मेडिकल कोडिंगचा क्लास संपवून आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढे कोड लक्षात कसे ठेवायचे?" ठेवायचेच नाहीत. पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून आपण अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट कोड करतो, म्हणजे उपचारांच्या नोंदी वाचून प्रत्येक निदानाला आणि उपचाराला बिलासाठी ठरलेला कोड लावतो, आणि तिथली कोडची यादी दरवर्षी बदलते. निदानाचे आयसीडी-१०-सीएम कोड १ ऑक्टोबरला बदलतात, २०२२ पासून १ एप्रिललाही काही भर पडते. प्रोसीजरचे, म्हणजे रुग्णावर केलेल्या तपासण्या-उपचारांचे, सीपीटी कोड बदलतात १ जानेवारीला. २०१५ मध्ये अमेरिकेने आयसीडी-९ ही जुनी यादी सोडली तेव्हा निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या पुढे गेले, आणि वाढ तिथे थांबली नाही. ऑक्टोबर २०२२ च्या एकाच अपडेटमध्ये ११७६ नवे कोड आले.

आकडा बघून घाबरू नका. एका कोडचे फुटून अनेक कोड का झाले हे कळलं की ते आपोआप डोक्यात बसतात. कंबरदुखीचंच घ्या. एम५४.५ हा रोजच्या वापरातला कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद झाला आणि त्याजागी तीन आले: एम५४.५०, एम५४.५१, एम५४.५९. त्यातला एम५४.५१ मणक्याच्या हाडातूनच उगम पावणाऱ्या दुखण्याचा. तो वेगळा का काढला? कारण त्या हाडातली नस उष्णतेने निकामी करण्याचा उपचार रुळत होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याच उपचाराचे ६४६२८ आणि ६४६२९ हे सीपीटी कोड आले. निदान आणि प्रोसीजरची अशी जोडी जुळवून वाचायची सवय लावा, मला यात खरोखर आनंद मिळतो.

सप्टेंबरमध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या साइटवरून अडेंडा, म्हणजे आयसीडीतल्या बदलांची यादी, उतरवून घ्या, फुकट मिळतो. काय जोडलं, काय काढलं, कुठली टीप बदलली हे त्यात ओळीने असतं. आयसीडीचे कोड कसे लावायचे हे सांगणाऱ्या गाइडलाइन्समधला नवा मजकूर ठळक अक्षरात असतो, निदान तेवढा तरी वाचाच. सीपीटीच्या पुस्तकात काळं टिंब म्हणजे नवा कोड, त्रिकोण म्हणजे वर्णन बदललेला. परिशिष्ट बी मध्ये सगळे बदल एकत्र सापडतात.

तारखेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ओपीडीच्या चार्टला तपासणीची तारीख धरतात, तर ॲडमिट रुग्णाच्या रुग्णालयीन बिलाला डिस्चार्जची. २८ सप्टेंबरला दाखल होऊन २ ऑक्टोबरला घरी गेलेल्या रुग्णाला नवे कोड लागतात. ऑक्टोबरभर जुने-नवे दोन्ही चार्ट एकाच रांगेत येतात. बंद झालेला कोड लावला तर क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल, परत येतो आणि त्याचा मनस्ताप तिकडे रुग्णाच्या कुटुंबालाही होऊ शकतो.

बीएएमएस, बीएचएमएस करून या कामात येणाऱ्यांना एक विनंती. कोड जितके बारीक होतात तितका मोह वाढतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मणक्याच्या हाडातले बदल दिसले की तुमच्यातला डॉक्टर लगेच एम५४.५१ म्हणतो. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरने नुसतं कंबरदुखी लिहिलं असेल तर आपला कोड एम५४.५०. शंका असेल तर तुमच्या प्रोजेक्टच्या पद्धतीप्रमाणे क्वेरी टाका, म्हणजे त्या डॉक्टरकडे लेखी विचारणा करा, आणि उत्तर येईपर्यंत तो चार्ट होल्डवर ठेवा.