निशाद्वय म्हणजे दोन हळदी नव्हेत

बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या विषयाच्या, तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, ‘निशाद्वय म्हणजे काय रे?’ मी बेधडक सांगितलं, ‘हळद आणि आंबेहळद.’ सर म्हणाले, ‘सांगलीत वाढलास आणि हळदीतच नापास?’

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, लहानपणापासून पाहिलेली. तरी गाडी अडली ती नावावर. निघंटूकारांनी, म्हणजे औषधींचे जुने कोश लिहिणाऱ्यांनी, रात्रीचे शब्द उचलून हळदीला लावलेत: निशा, रजनी, क्षपा. आणि निशाद्वयातली दुसरी निशा म्हणजे दारुहळद.

ती बघायला सांगलीच्या गणपती पेठेत गेलो. अत्तारानं कागदावर चार काड्या टाकल्या. वरून करडी साल, नखानं खरवडली तर आत पिवळंधमक लाकूड. जिभेला लावलं, कडूजहर! हळदीचा वास औषधालाही नाही. हे हिमालयातलं काटेरी झुडूप. याचा पिवळेपणा बर्बेरिनचा, हळदीचा कुरकुमिनचा. नातं काय ते रंगाचं. (दारु म्हणजे इथं लाकूड. वर्गात हे सांगेपर्यंत पोरं उगाच खुललेली असतात.)

एकाच नावाच्या अनेक वनस्पती, हा उलटा घोळ त्याहून वाईट. अमृता म्हणजे गुळवेल, हिरडा आणि आवळाही. अमृतारिष्ट या औषधात मात्र गुळवेलच. तेव्हा शब्द सुटा पाठ करू नका. कुठल्या योगात (म्हणजे औषधाच्या मिश्रणात), कुठल्या रोगात आलाय ते आधी बघा. विजया म्हणजे हिरड्याची एक जात, आणि भांगसुद्धा. इथं चुकलात तर मजाच!

ब्राह्मी मागितली की आपल्याकडे बहुतेकदा गोल पानाची वेल हातात पडते. ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. ग्रंथातली ब्राह्मी म्हणून आज धरतात ती बकोपा मोनिएरी: ओलीला वाढणारी, बारीक मांसल पानांची. दुकानात नुसतं ‘ब्राह्मी द्या’ म्हणू नका, पान दाखवायला सांगा.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक संस्कृत नावापुढे मराठी नाव, लॅटिन नाव आणि औषधात वापरायचं अंग लिहिलेलं असतं. शंखपुष्पीच्या पानावर तेवढी अजून खाडाखोड आहे. उत्तरेत ती कॉन्व्होल्व्हुलस, कुणी विष्णुक्रांता धरतं, केरळात निळी गोकर्ण. तोंडी परीक्षेत आली तर मी आधी सरांनाच विचारणार, ‘सर, कुठली?’